दादीनं काय काय माफ केलं

(नांदेड इथं तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



मला आज माझ्या दादीबद्दल बोलायला सांगितलंय. आपल्याकडे घरातली म्हातारी बाई गेली की येणारे-जाणारे जे बोलतात ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. फार सोसलं बिचारीनं. कधी कुणाकडं हात पसरला नाही. सगळ्यांना माफ करून गेली. दादी गेली तेव्हा जियारतला आलेल्या प्रत्येकानं हेच सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण तिनं नेमकं काय काय माफ केलं, याची यादी कुणी करत नाही. ती मी आज करणार आहे. तिची तारीफ कमी करण्यासाठी नाही. यादी केली की एक गोष्ट दिसते : तिनं जे माफ केलं, तेच आता तिच्या मुलींनी माफ करावं अशी आपली अपेक्षा असते. आपण तिला जितकं जास्त थोर म्हणतो, तितकं तिच्या मुलींना तोंड उघडणं अवघड होतं.

आधी ती कोण होती ते सांगतो.

दादीचा जन्म उदगीर तालुक्यातल्या एका खेड्यात, साधारण १९४० चा. साधारण म्हणायचं, कारण जन्माचा दाखला नव्हताच. तेव्हा उदगीर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बिदर जिल्ह्यात होतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले, मुंबई राज्यात. १९६० ला महाराष्ट्र झाला. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे दादीचं माहेर जागचं हललं नाही, पण त्याचा जिल्हा दोनदा आणि राज्य दोनदा बदललं. लग्न होऊन ती कंधार तालुक्यात आली, तिथून पुढं आयुष्य नांदेड जिल्ह्यात गेलं. कुणी विचारलं, "दादी, तू लातूरची की नांदेडची?" तर म्हणायची, "मैं निजाम की। बाकी सब बाद में आए।"

ती शिकलेली नव्हती. पण गोधड्या शिवायची, आणि कुणाच्या किती गोधड्या झाल्या, कुणाचे किती पैसे यायचे आहेत, हा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची. एकदा एका बाईनं तीनच्या जागी दोन गोधड्यांचे पैसे पुढं केले. दादीनं तिला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. "अनपढ हूँ बावा, अंधी नै।"

किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या आठवड्यात दादीनं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या बांधून मदतीच्या ट्रकवर चढवल्या. हे मला अब्बांनी सांगितलं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ती लातूरला थोरल्या फुफीकडं होती. हे मी पाहिलंय. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी आलं. टीव्हीवर त्याची केवढी गर्दी. आणि इकडं दादी अर्ध्या बधन्यात वुजू करायची, खाली परात ठेवून ते पाणी धरायची आणि त्यानं अंगण पुसायची. फुफीला म्हणायची, "पानी कम है बोलके नमाज कम नै होती, नळ चालू छोडने की आदत कम होती।"

आणि बकरीद. आमच्या घरात कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे दादीच करायची. एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा. तराजू घेऊन बसायची. कलेजी कुठं जास्त गेली, हाडाचे तुकडे गरिबांच्या वाट्यात जास्त पडले का, हे ती डोळ्यांत तेल घालून पाहायची. एखाद्या चाचानं गंमतीनं एक बरा तुकडा घरच्या ढिगात सरकवला तर पळीनं त्याच्या हातावर मारायची. "हिस्सा है, खैरात नै।" हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडं येणार आहे.

आता यादी.

पहिली माफी तिनं केली तेव्हा ती आठ वर्षांची होती. सप्टेंबर १९४८. १३ ते १७ सप्टेंबर हे पाच दिवस भारतीय फौजेची कारवाई झाली, आपल्या आज्या ज्याला पोलीस ॲक्शन म्हणतात. त्याआधी रझाकारांनी गावोगावच्या लोकांवर जे जुलूम केले तेही याच मातीत घडले, आणि त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरलाच वकिली करत होता. हे आपण विसरता कामा नये आणि लपवताही कामा नये. पण कारवाईनंतरच्या आठवड्यांत त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांतल्या बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना दिल्लीहून पाहणीसाठी पाठवलं होतं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते मराठवाडा, गुलबर्गा, बिदर असं फिरले. त्यांचा अंदाज होता की संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त फटका बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो २०१३ मध्ये, ६५ वर्षांनी.

दादीचे वडील त्या दिवसांत गेले. ती, तिची आई आणि धाकटी बहीण वाचल्या, कारण शेजारच्या लिंगायत घरातल्या म्हातारीनं त्यांना धान्याच्या बळदात लपवलं आणि दारात स्वतः बसून राहिली. दादी आयुष्यभर त्या म्हातारीला "माय" म्हणायची आणि ईदचा शीर खुर्मा त्या घरी आधी जायचा.

हे सगळं तिनं मला सांगितलं २०१९ मध्ये. मी फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला होता. तीन-चार बैठकांत मिळून साडेतीन तासांचं बोलणं जमलं. मला वाटलं होतं ती दंग्याबद्दल जास्त बोलेल. ती त्यावर थोडंच बोलली. जास्त बोलली ती त्यानंतरच्या वर्षाबद्दल. तिची आई दोन मुली घेऊन भावाच्या गावी राहिली होती. वर्षभरानं परत आली तर नवऱ्याची जमीन दीर कसत होते. ते म्हणाले, तू विधवा, पोरी परक्या घरी जाणार, जमीन घेऊन काय करशील? आईनं वाद घातला नाही. दादीला विचारलं, तुम्ही नंतर तरी कधी मागितलं नाही का? ती हसली. "बाप कू बाहरवाले मारे, जमीन कू घरवाले। किस किस कू बोलना?" आणि मग म्हणाली, "छोड दिए। माफ कर दिए।"

मित्रांनो, १९४८ बद्दल आपण बोलतो तेव्हा बाहेरच्यांनी काय केलं ते सांगतो, आणि ते सांगितलंच पाहिजे. पण माझ्या दादीच्या आठवणीत त्याला लागूनच दुसरी गोष्ट होती. त्या गोष्टीसाठी अहवाल नाही, समिती नाही. तिच्या सख्ख्या काकांनी दोन अनाथ मुलींचा हिस्सा ठेवून घेतला होता.

दुसरी माफी १९८७ ची. दादा वारले. जनाजा उठायच्या आधी घरातल्या मोठ्या बायकांनी दादीला दादांच्या मय्यतीजवळ नेलं आणि सांगितलं, मेहेर माफ कर, म्हणजे त्यांच्यावर बोजा राहणार नाही. हा रिवाज तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दादी रडत होती. तिनं म्हटलं, "माफ किया।" रेकॉर्डिंगमध्ये तिनं एवढंच सांगितलंय की त्या वेळी तिला मेहेर किती होता हेही आठवत नव्हतं. निकाहनामा उर्दूत होता, दादांच्या पेटीत होता, आणि तिला वाचता येत नव्हता.

शरीयतचा क्रम काय आहे ते पाहा. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च. मग कर्ज. मग वसीयत असेल तर ती, जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत. मग उरलेल्याचे वारसांत वाटे. न दिलेला मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. म्हणजे दादी त्या दिवशी वारस होण्याआधी सावकार होती, मालमत्तेवर तिचा पहिला दावा होता. आणि तिच्याकडून त्या दाव्याची माफी कधी घेतली? तर नवऱ्याचं शव समोर असताना, चार बायका खांद्याला धरून उभ्या असताना. दुकानदाराची उधारी कुणी अशी माफ करून घेतो का?

तिसरी माफी जमिनीची. इथं थोडा हिशेब सांगतो. मी कॉम्प्युटरवाला माणूस आहे, आकड्याशिवाय मला समाधान होत नाही.

दादांची जमीन आठ एकर, कोरडवाहू. मागे दादी, दोन मुलगे, तीन मुली. सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत वाटे दिलेत. मुलंबाळं असतील तर बायकोला एक अष्टमांश. उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. आता गंमत बघा. आठातला एक एकर दादीचा. उरले सात. दोन मुलांचे दोन-दोन, तीन मुलींचा एक-एक. चार आणि तीन सात. एकही गुंठा इकडंतिकडं न होता हिशेब बसतो. दादीला एक एकर, प्रत्येक फुफीला एक एकर, अब्बांना दोन, चाचांना दोन.

प्रत्यक्षात काय झालं? मी पुण्यात बसून महाभूलेखवरून आमच्या शेताचा सातबारा काढला. कब्जेदार म्हणून दोन नावं, अब्बा आणि चाचा. तिन्ही फुफ्यांची नावं कुठंच नव्हती. आणि दादी? दादी उजव्या बाजूला होती, "इतर हक्क" या रकान्यात. त्या रकान्यात बँकेचा बोजा लिहितात, सोसायटीचं कर्ज लिहितात, विहिरीतल्या पाण्याचा वाटा लिहितात. त्या सगळ्यांच्या मध्ये माझी दादी. माझं रोजचं काम माहिती कुठल्या रकान्यात जाते हे बघण्याचं आहे. रकाना चुकला की माहिती असूनही नसल्यासारखी होते.

याला आमचं घर अपवाद आहे असं समजू नका. मराठवाड्यातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर आई आणि बहिणी "इतर हक्कां"त आहेत, हिंदू घरांतही. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. तरी रक्षाबंधनाच्या आसपास हक्कसोडपत्रावर सह्या घेणारे भाऊ त्या समाजातही आहेत. फरक एवढाच की त्यांच्या मुली कायद्याचं नाव घेतात तेव्हा भाऊ म्हणतात, हा सरकारचा कायदा, आपला रिवाज वेगळा. आपल्याला ती पळवाटसुद्धा नाही. आपल्याकडं वाटा थेट कुराणात, आकड्यांत सांगितलाय. सूरह निसाच्या सातव्या आयतीचा अर्थच असा की मालमत्ता थोडी असो की पुष्कळ, पुरुषांसारखाच स्त्रियांचाही त्यात ठरलेला वाटा आहे.

आपल्या चळवळीत एक जुना वाद आहे. मुलीला अर्धा का, बरोबरीचा का नाही? हा वाद खरा आहे आणि मी बरोबरीच्या बाजूचा आहे. पण मी आपल्या दोन्ही बाजूंच्या मित्रांना विचारतो, अर्धा तरी दिलाय का? शरीयतमध्ये हात घालू नका म्हणणारे आणि शरीयत बदला म्हणणारे, दोघांच्याही घरी सातबारा सारखाच आहे.

आता दादी गेल्यानंतरचं सांगतो.

दादी जानेवारी २०२३ मध्ये गेली. फुफ्यांनी तिला गुस्ल दिला. चाळिसावं झालं, बगारा खाना आणि दालचा झाला, चारशे लोक जेवले. त्यानंतर वारस नोंदीची गोष्ट निघाली. एका नातेवाइकानं सांगितलं, सोपं आहे, म्हातारीचं नाव कमी करा, आणि एकदाचं बहिणींकडून हक्कसोड करून घ्या, म्हणजे पुढं पोरांना त्रास नको. त्यांचा हेतू वाईट नव्हता. सगळीकडं असंच होतं.

धाकट्या फुफीला मी फोन केला. ती लगेच म्हणाली, "मेरेकू कुछ नक्को बेटा, भाई सलामत रहे बस।" मी विचारलं, फुफी, तुझा वाटा किती होतो माहीत आहे का? ती गप्प झाली. मी सांगितलं : दादांकडून एक एकर, आणि दादीच्या एका एकराचे सात भाग करून त्यातला एक, म्हणजे साडेपाच गुंठ्यांहून थोडा जास्त. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं दादीचंच एक वाक्य सांगितलं, जे दादी मुलींना एकांतात सांगायची आणि आम्हा मुलांना कधीच नाही : "हिस्सा मांगे तो मायका जाता, नै मांगे तो हिस्सा जाता।"

हे ऐकल्यावर मला कळलं की दादी ज्याला माफी म्हणायची तो सौदा होता. हिस्सा सोडायचा आणि त्याबदल्यात माहेर ठेवायचं. ईदला कुणीतरी न्यायला यावं, बाळंतपणाला कुणीतरी विचारावं, नवऱ्यानं हात उगारला तर जायला एक दार असावं, यासाठी भरलेली किंमत. तिची माफी मोठ्या मनाची होती यात शंका नाही. पण जिला दुसरा रस्ताच नाही तिच्या माफीवर आपण आपली घरं बांधू नयेत.

चाचांची बाजूही सांगतो, नाहीतर तो अन्याय होईल. छत्तीस वर्षं जमीन त्यांनी कसली. दादी बहुतेक काळ त्यांच्याकडं राहिली, दवाखाना त्यांनी केला. सोयाबीन आणि तूर यावर त्यांचं घर चालतं. तीन बहिणींचा मिळून वाटा होतो तीन एकर सतरा गुंठ्यांच्या आसपास. तो एका दिवसात बाजूला काढला तर त्यांनी खायचं काय? आणि त्यांनी विचारलं, लग्नांत तिघींना जे दिलं ते धरायचं नाही का? अब्बांनी त्यांना दादीचीच आठवण दिली. म्हणाले, अम्मी गोश्ताचा एक तुकडा इकडचा तिकडं जाऊ द्यायची नाही. दहेज आपण रिवाजानं दिलं, हिस्सा अल्लाहनं ठरवलाय. हिस्सा आहे, खैरात नाही. आपण बकरीदला तराजू घेऊन बसतो आणि जमिनीच्या वेळी बहिणींना डोळे मिटायला सांगतो, हे बरोबर नाही.

चार बैठका झाल्या. आवाज चढले. एकदा चाचा उठून गेले, आणि त्यांना परत आणलं ते थोरल्या फुफीनं. शेवटी असं ठरलं : तिघींची नावं आधी सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून लागतील, ठरलेल्या वाट्यासह. त्यानंतर कुणी काय करायचं ते जिचं तिनं ठरवायचं. धाकट्या फुफीनं जमीन ठेवली आणि चाचांनाच बटईनं दिली, अर्धं पीक तिचं. मधलीनं बाजारभावानं पैसे घ्यायचं ठरवलं, चार वर्षांत, दर वर्षी सोयाबीन विकल्यावर एक हप्ता. थोरलीनं नाव ठेवलं, पण चाचांच्या मुलीचं लग्न होईपर्यंत पिकातलं काही घेणार नाही म्हणाली. अब्बांना पेन्शन आहे, त्यांनी आपल्या वाट्याची वहिती चाचांकडंच ठेवली. चाचांचं घर चाललंय. आणि माहेर? फुफ्या गेल्या ईदला तिघी मिळून आल्या होत्या. चाचांच्या मनात अजून थोडं खुपतं, ते मी लपवणार नाही. पण आता घरात बहिणी आल्या की त्या पाहुण्या म्हणून येत नाहीत.

थोरल्या फुफीनं शेवटी जे सोडलं तेही देणंच होतं. पण ते तिनं नाव लागल्यानंतर, आकडा माहीत असताना, स्वतःच्या मुदतीवर सोडलं. दादीला ही संधी तिन्ही वेळा मिळाली नव्हती.

आता तुमच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असा प्रसंग आज ना उद्या येणार आहे.

एक. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. त्यात नाव आधारवर आहे तसंच लिहा. आपल्या बायकांच्या नावांत कधी बी, कधी बेगम, कधी वडिलांचं नाव, कधी नवऱ्याचं. या फरकावरून पुढं वर्षानुवर्षं कागद अडतात. जिवंतपणीच आई-दादीचे कागद एकदा समोर ठेवून नावं जुळवून घ्या.

दोन. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं किंवा ऑनलाइन करता येतो. जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. अर्जात सगळ्या वारसांची नावं द्या, बहिणींसह. फेरफाराची नोटीस सगळ्या हितसंबंधितांना जाते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. बहिणीचं नाव अर्जातच नसेल तर तिला नोटीस कुठून जाणार? आणि नाव लागलं म्हणजे शेताचे तुकडे पडलेच असं नाही. सामाईक नावं राहू शकतात.

तीन. हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं असावं लागतं. बहीण ते करणार असेल तर आधी तिला तिचा वाटा गुंठ्यांत आणि रुपयांत सांगा, आणि तिला विचार करायला वेळ द्या. वडील जिवंत असतानाच मुलीकडून "पुढं काही मागणार नाही" असं लिहून घेतात, त्याला आपल्या वारसा कायद्यात साधारणपणे आधार नाही, कारण तोवर तिचा हक्क निर्माणच झालेला नसतो.

चार. १९३७ च्या शरीयत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे शेताबद्दल वाद असेल तर जाणत्या वकिलाला विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. पण भावाबहिणींचं एकमत असेल तर वाटे बरोबर करायला तुम्हाला कुठलाच कायदा अडवत नाही.

पाच. ज्यांना मुलगा-मुलीला सारखं द्यायचंय त्यांच्यासाठी हिबा आहे. माणूस आपल्या हयातीत आपल्या मालमत्तेतून मुलीला बरोबरीनं देऊ शकतो. द्यायची इच्छा जाहीर करणं, समोरच्यानं ते स्वीकारणं आणि ताबा देणं, या तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. ताबा दिल्याशिवाय हिबा पुरा होत नाही, आणि कागद केलेला केव्हाही बरा.

सहा. मेहेर हयातीत द्या. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनी निकाहाच्या वेळीच द्या, आणि बायकोला निकाहनाम्याची प्रत द्या, तिला वाचता येईल अशा भाषेत. आणि आपल्या घरात कुणी विधवेला मय्यतीजवळ नेऊन माफी बोलायला लावत असेल, तर तिथं असलेल्या पोरांपैकी कुणीतरी म्हणावं : आज नाही. आज तिला रडू द्या.

सात. घरात दादी-नानी असतील तर या महिन्यात एकदा फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यापाशी बसा. पोलीस ॲक्शनबद्दल विचारा, दुष्काळाबद्दल विचारा, त्यांच्या लग्नाबद्दल विचारा. आणि त्यांना हेही विचारा की तुमच्या बापाच्या घरून तुम्हाला काय मिळालं. हा प्रश्न त्यांना कुणीच विचारलेला नसतो. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

दादीसाठी आम्ही कुराणखानी केली, गरिबांना जेवण दिलं, तिच्या नावानं दुआ करतो. तुम्हीही तुमच्या आई-दादीसाठी जे करत असाल ते करा. फक्त त्यासोबत एकदा घरचा सातबारा काढा, ती कुठल्या रकान्यात होती ते बघा, आणि तिच्या मुली कुठं आहेत तेही बघा. त्या कुठंच नसतील तर बहिणीला, फुफीला फोन करा आणि आधी तिला आकडा सांगा.

अल्लाह सगळ्या आयांना, दाद्यांना जन्नत नसीब करो.